शीआनची चव न्यूयॉर्कमध्ये: एका कुटुंबाच्या साखळीला ती बदलावी का लागली नाही?

आडवाट यांचा प्रश्न

न्यूयॉर्कमधील ‘शीआन फेमस फूड्स’ ही रेस्टॉरंटांची साखळी येथील अनेक सदस्यांना ठाऊक असेल. डेव्हिड शी यांनी 2005 मध्ये क्वीन्समधील फ्लशिंग येथे बबल टीचे (साबुदाण्यासारखे गोळे घातलेल्या चहाचे) छोटे दुकान काढले आणि चहाच्या जोडीला आपल्या शहराचे, म्हणजे वायव्य चीनमधील शीआनचे, थंड नूडल आणि मांस भरलेली भाकरी विकायला ठेवली. पुढे चहा मागे पडला आणि जोडपदार्थांवरच धंदा उभा राहिला. ‘गोल्डन शॉपिंग मॉल’च्या तळघरातील त्यांच्या चिंचोळ्या गाळ्यासमोर गर्दी होऊ लागली. 2009 मध्ये त्यांचा मुलगा जेसन वांग महाविद्यालयीन शिक्षण संपवून धंद्यात आला आणि त्यानंतर मॅनहॅटन व ब्रुकलिनमध्ये एकामागून एक शाखा निघाल्या.

माझा प्रश्न हे जेवण चांगले आहे की नाही, असा नाही. ते मला आवडते, एवढे सांगून तो भाग संपवतो. प्रश्न असा आहे की, परदेशी गेलेले चिनी जेवण बहुतेक ठिकाणी यजमान देशाच्या जिभेप्रमाणे बदलले. अमेरिकेत ते गोडसर आणि कुरकुरीत झाले, भारतात त्याला मिरची, आले-लसूण आणि कॉर्नफ्लोअरच्या दाट रस्स्याचे रूप मिळाले. मग या कुटुंबाला भरपूर जिरे, काळे व्हिनेगर आणि तिखट तेल घातलेली एका दूरच्या शहराची चव जशीच्या तशी विकणे कसे जमले? एका गाळ्याच्या अनेक शाखा होताना ती चव टिकली असेल, तर त्याचे श्रेय कुटुंबाच्या मालकीला द्यावे, की कारण आणखी कुठे आहे? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

कालनिर्देश यांचे उत्तर

प्रश्नाच्या पूर्वार्धाचे उत्तर चवीपेक्षा लोकवस्तीच्या इतिहासात अधिक आहे, असे मला वाटते.

अमेरिकेत प्रथम आलेले चिनी लोक मुख्यतः दक्षिणेकडील ग्वांगडोंग प्रांतातले, त्यातही तायशान परिसरातले होते. 1882 च्या कायद्याने चिनी मजुरांचे येणे बंद झाले आणि ती बंदी 1943 पर्यंत उठली नाही. मात्र व्यापाऱ्यांना त्या कायद्यात सवलत होती, आणि 1915 मधील एका न्यायालयीन निर्णयानंतर मोठ्या रेस्टॉरंटच्या मालकालाही व्यापारी म्हणून गणले जाऊ लागले. त्यामुळे नातेवाइकांना अमेरिकेत आणण्याचा जो एक अरुंद कायदेशीर मार्ग उरला होता, तो रेस्टॉरंटच्या स्वयंपाकघरातून जात होता. स्वयंपाकाची आवड नसलेली, कधी कढई हाती न धरलेली माणसेही या व्यवसायात का आली, याचे हे मोठे कारण आहे. ही रेस्टॉरंटे गावोगावी विखुरली. ज्या गावात चिनी कुटुंब एकच, तिथे ग्राहक सगळे बिगरचिनी, आणि त्यांना न आवडणारा पदार्थ पाटीवर लिहून ठेवण्याची चैन त्या कुटुंबाला परवडणारी नव्हती. ‘चॉप सुई’ची लाट आली ती अशा परिस्थितीत.

1965 च्या कायद्याने देशनिहाय कोट्याची जुनी पद्धत संपली आणि चित्र पालटले. फ्लशिंगमध्ये आधी तैवानहून आलेले लोक स्थिरावले, नंतर मुख्य चीनच्या निरनिराळ्या प्रांतांतून माणसे येत राहिली. सात क्रमांकाच्या मेट्रोच्या शेवटच्या स्थानकाभोवती चिनी ग्राहकांची एवढी दाट वस्ती झाली की, तिथला दुकानदार केवळ चिनी ग्राहकांच्या भरवशावर भाडे भरू शकत होता. तायशानच्या माणसाला एकोणिसाव्या शतकात मोंटानात जे शक्य नव्हते, ते शी यांना 2005 मध्ये फ्लशिंगमध्ये शक्य झाले.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. शी यांनी स्वतःचे दुकान काढण्यापूर्वी अनेक वर्षे इतरांच्या रेस्टॉरंटांत नोकरी करून अमेरिकी वळणाचे चिनी पदार्थच शिजवले होते. बदललेली चव त्यांना येत नव्हती, म्हणून त्यांनी मूळ चव धरली, असे मुळीच नाही. दोन्ही येत असताना त्यांनी आपल्या शहराची निवडली, कारण फ्लशिंगमध्ये गोड चिकन विकणारे पुष्कळ होते आणि शीआनचे नूडल विकणारे जवळजवळ कोणी नव्हते. वायव्य चीनमधून अमेरिकेत येणाऱ्यांची संख्या दक्षिणेच्या तुलनेत फार कमी होती. यात घरची ओढ असेलच, पण बाजाराची चांगली जाणही होती.

जाते-उखळ यांचे उत्तर

कालनिर्देश यांनी ग्राहकांची बाजू मांडली आहे. मी स्वयंपाकघराची मांडतो, कारण चव टिकली की नाही, याचा निकाल शेवटी तिथेच लागतो. मी व्यवसायाने स्वयंपाकीच आहे, त्यामुळे थोडे लांबेल.

शीआनचा प्रदेश गव्हाचा आहे. दक्षिण चीनमधील भात तिथे दुय्यम. रोजच्या जेवणात नूडल, भाकऱ्या आणि वाफवलेले पाव असतात. प्राचीन चांगआन ते हेच शहर. रेशीम मार्गाचे पूर्वेकडचे टोक तिथे होते आणि आजही तिथे हुई मुसलमानांची जुनी वस्ती आहे. बोकड-मेंढीचे मांस आणि जिरे ही जोडी चिनी जेवणात प्रामुख्याने याच वायव्य पट्ट्यात दिसते. (आपल्याकडे पुलकेशी दुसरा याच्या काळात येऊन महाराष्ट्राचे वर्णन लिहून ठेवणारा युआन श्वांग परत गेला, तो याच चांगआनला. विषयांतर आहे, पण हे शहर आपल्या वाचकांना अगदीच परके नाही, एवढे सांगायचे होते.)

आता त्यांचा पहिला प्रसिद्ध पदार्थ घेऊ. ल्यांगपी म्हणजे थंड, निमपारदर्शक, रुंद नूडल. गव्हाचे पीठ घट्ट मळून मुरू देतात आणि मग तो गोळा पाण्यात चोळून चोळून धुतात. पीठातला स्टार्च पाण्यात उतरतो आणि हातात ग्लुटेनचा, म्हणजे गव्हातल्या प्रथिनाचा, चिवट गोळा राहतो. पांढरे पाणी कित्येक तास न हलवता ठेवले की स्टार्च तळाशी बसतो. वरचे निवळलेले पाणी काढून टाकतात, खालचा दाट भाग तेलाचा हात लावलेल्या सपाट थाळीत पातळ पसरतात आणि उकळत्या पाण्यावर दोन-तीन मिनिटे वाफवतात. थाळी थंड पाण्यावर ठेवून गार केली की चादर सुटून येते, तिच्या पट्ट्या कापतात. ज्यांच्या घरी उन्हाळ्यात कुरडया होतात, त्यांना यातले बरेचसे ओळखीचे वाटेल, कारण आपणही गहू भिजवून, वाटून, चीक निवळू देऊनच पुढचे काम करतो. फरक एवढाच की, आपला चोथा बाजूला जातो, आणि ते लोक ग्लुटेनचा गोळा वेगळा वाफवून त्याच्या जाळीदार फोडी नूडलमध्येच घालतात. त्या फोडी व्हिनेगर आणि तिखट तेल शोषून घेतात आणि माझ्या मते ताटलीतली सर्वांत चांगली गोष्ट त्याच असतात. सोबत काकडी आणि मोड आलेले कडधान्य असते.

साखळीच्या दृष्टीने या पदार्थाचा गुण असा की, तो थंडच खायचा असल्याने एका ठिकाणी तयार करून शाखांकडे पाठवता येतो. धुणे, निवळणे, वाफवणे ही वेळखाऊ आणि कसबाची कामे एकाच छताखाली राहतात, आणि शाखेत उरते ते कापणे, कालवणे, वाढणे. चटण्या, तिखट तेल, शिजवलेले मांस यांचेही तसेच. त्यांची तयारी केंद्रीय स्वयंपाकघरात होते, त्यामुळे शाखा दोन असोत वा बारा, व्हिनेगर आणि तेल यांचे प्रमाण एकाच ठिकाणी ठरते.

हाताने ओढलेल्या रुंद नूडलचे गणित मात्र उलटे आहे. कणीक मळून, मुरवून, तिचे लहान तुकडे तेल लावून ठेवतात. मागणी आली की एक तुकडा चपटा करून दोन्ही हातांनी ओढतात, ओढताना तो ओट्यावर आपटतात, मग मधून फाडतात आणि लगेच उकळत्या पाण्यात सोडतात. कणीक बाहेरून आणता येते, पण ओढणे शाखेतच व्हावे लागते, कारण ओढलेला नूडल थांबत नाही. तो चिकटतो, आणि शिजल्यावर काही मिनिटांतच रस शोषून फुगू लागतो. म्हणूनच हे नूडल तिथल्या तिथे, गरम असतानाच खा, असे ही मंडळी ग्राहकांना आवर्जून सांगतात. बांधून नेलेल्या नूडलची चव उतरते, हे दुकानदाराने स्वतः सांगणे मला प्रामाणिकपणाचे वाटते, कारण त्यात त्याचे नुकसान होण्याचा संभव आहे.

थोडक्यात, केंद्रात काय करायचे आणि शाखेत काय, याची रेघ त्यांनी पदार्थाच्या स्वभावाप्रमाणे ओढली आहे. चिनीच काय, आपल्याकडील अनेक साखळ्यांची चव बिघडते ती नेमकी इथे. जे ताजेच व्हायला हवे तेही सोयीसाठी केंद्रातून गोठवून येते, आणि जे एका हाताखाली राहायला हवे, ते प्रत्येक शाखेतल्या स्वयंपाक्याच्या मर्जीवर सोडले जाते.

यादीही आखूड आहे. पदार्थांना क्रमांक आणि फलकावर छायाचित्रे. ल्यांगपीचा क्रमांक ‘ए-1’, जिरे घातलेल्या मेंढीच्या मांसाच्या नूडलचा ‘एन-1’. चिनी न येणारा माणूस बोट दाखवून किंवा क्रमांक सांगून मोकळा होतो. पदार्थ न बदलता फक्त मागवण्याची पद्धत सोपी केली, ही मला त्यांची सर्वांत हुशार चाल वाटते.

खातेवही यांचे उत्तर

दोन्ही उत्तरे उत्तम आहेत. उरला भाग मालकीचा, आणि त्याबाबत मूळ प्रश्नात दडलेले गृहीतक मला तपासावेसे वाटते. कुटुंबाची मालकी असली की चव टिकते, हे खरे नाही. याचा पुरावा त्याच देशात आहे.

‘पांडा एक्सप्रेस’ ही अमेरिकेतील सर्वांत मोठी चिनी पदार्थांची साखळी. चर्न्ग कुटुंबाने 1973 मध्ये कॅलिफोर्नियातील पॅसाडीना येथे ‘पांडा इन’ काढले, आणि 1983 मध्ये ग्लेंडेलमधील एका मॉलमध्ये ‘पांडा एक्सप्रेस’ची पहिली शाखा उघडली. आज 2,000 हून अधिक शाखा आहेत, मालकी अजूनही कुटुंबाचीच आहे आणि बहुतांश शाखा कंपनी स्वतः चालवते. तरीही त्यांचा सर्वांत गाजलेला पदार्थ म्हणजे 1987 पासूनचे ‘ऑरेंज चिकन’, जे अमेरिकी जिभेसाठीच घडवलेले आहे. यात मला काही कमीपणा दिसत नाही. त्यांनी ठरवून वेगळा ग्राहक निवडला आणि तो निष्ठेने सांभाळला. पण कुटुंब, स्वतःची मालकी आणि शाखांवर थेट ताबा या तिन्ही गोष्टी असूनही प्रादेशिक चव हा त्यांचा हेतूच नव्हता, हे यातून दिसते.

तिसरे उदाहरण ‘दिन ताय फंग’चे. यांग बिंग-यी यांनी तैपेईमध्ये 1958 मध्ये खाद्यतेलाचे दुकान काढले. डब्यातले तेल सर्वत्र मिळू लागल्यावर धंदा बसला, तेव्हा 1970 च्या दशकाच्या आरंभी त्यांनी रस भरलेल्या लहान मोदकाकार डंपलिंगकडे मोर्चा वळवला. 1996 मध्ये टोकियो, 2000 मध्ये कॅलिफोर्नियातील आर्केडिया, असा त्यांचा परदेशी विस्तार झाला. अमेरिकेतील शाखा कुटुंबातीलच मंडळी चालवतात, पण सिंगापूरसारख्या ठिकाणी परवाना घेतलेल्या भागीदार कंपनीकडे काम दिलेले आहे. तरीही दर्जा टिकतो, कारण त्यांनी कौशल्याचे मोजमाप करून ठेवले आहे: पारी 5 ग्रॅम, सारण 16 ग्रॅम, चुण्या 18, आणि सारे काम काचेमागे ग्राहकाच्या डोळ्यांसमोर.

या तिघांना शेजारी ठेवले तर मला असे दिसते की, कुटुंबाच्या मालकीमुळे मिळते ते एकच स्वातंत्र्य, आणि ते म्हणजे वाढीचा वेग स्वतः ठरवण्याचे. बाहेरचे गुंतवणूकदार असते, तर ‘शीआन फेमस फूड्स’ला एव्हाना दहा राज्यांत नेण्याचा आग्रह झाला असता. त्यांनी शाखा मुख्यतः न्यूयॉर्क शहरापुरत्या ठेवल्या आणि फ्रँचायझी देत नाहीत. जाते-उखळ यांनी वर्णन केलेली केंद्रीय स्वयंपाकघराची व्यवस्था जेवढ्या अंतरापर्यंत रोजचा माल पोचवू शकते, तेवढाच त्यांचा व्याप. हे स्वातंत्र्य वापरायचे की नाही, हा त्या त्या कुटुंबाचा प्रश्न.

कोरोनाच्या काळात या स्वातंत्र्याची कसोटी लागली. मार्च 2020 मध्ये त्यांनी कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेचे कारण देऊन सर्व शाखा बंद केल्या, त्या उन्हाळ्यात हळूहळू, बांधून देण्यापुरत्या उघडल्या, आणि काही शाखा कायमच्या बंद झाल्या. त्याच सुमारास आशियाई लोकांवरील हल्ले वाढले होते. आपल्या दोन कर्मचाऱ्यांना कामावर येता-जाता मारहाण झाल्याचे वांग यांनी जाहीरपणे सांगितले, आणि लोकांना वेळेत घरी पोचता यावे म्हणून दुकाने रात्री लवकर बंद करणे सुरू केले. रात्रीच्या विक्रीचा तोटा सोसून घेतलेला हा निर्णय घेण्यासाठी त्यांना कोणत्याही संचालक मंडळाची परवानगी मागावी लागली नाही. मालकीचा उपयोग मला दिसतो तो अशा ठिकाणी.

आडवाट

सर्वांचे आभार. ‘पांडा एक्सप्रेस’चे उदाहरण मला सुचले नव्हते, आणि त्यामुळे माझ्या प्रश्नातला ‘कुटुंब’ हा शब्द बराच सैल पडला, हे मान्य. दोन लहान शंका उरतात. प्रसिद्ध अमेरिकी शेफ आणि लेखक अँथनी बोर्डेन यांनी आपल्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात या गाळ्याला भेट दिली नसती, तर हे सारे झाले असते का? आणि माझ्या घरी येणारे बहुतेक पाहुणे शाकाहारी असतात. त्यांना तिथे नेण्यात अर्थ आहे का?

कालनिर्देश

बोर्डेन यांच्या भेटीचा वाटा मोठा आहे, यात शंका नाही. तळघरातला गाळा तोवर मुख्यतः चिनी ग्राहकांना आणि फ्लशिंगमध्ये खाण्यासाठी मुद्दाम येणाऱ्या थोड्या हौशी लोकांना माहीत होता. भेटीनंतर तो शहरभर झाला. पण प्रसिद्धीने एकदा आलेला ग्राहक दुसऱ्यांदा येतोच असे नाही. त्याच काळात जेसन वांग धंद्यात आले, इंग्रजी फलक, छायाचित्रे आणि क्रमांकांची शिस्त बसली, आणि मॅनहॅटनमधील शाखा निघाल्या. नुसते चांगले शिजवणारे वडील असते, तर गर्दी येऊन ओसरली असती, आणि नुसता व्यवहार जाणणारा मुलगा असता, तर त्याच्याजवळ विकायला काही नसते. खातेवही यांच्याशी माझा थोडा मतभेद आहे तो इथे. या धंद्यात कुटुंबाचा उपयोग वाढीचा वेग ठरवण्यापुरता नव्हता. दोन पिढ्यांजवळ दोन वेगळी कौशल्ये होती आणि ती एकाच घरात होती. 2020 मध्ये वांग यांच्या नावाने पाककृतींचे पुस्तक निघाले, त्यातही वडिलांच्या हातच्या पदार्थांचे मोजमाप मुलाने कागदावर आणले आहे.

जाते-उखळ

शाकाहाराबद्दल: ल्यांगपी हा पदार्थ मुळातच मांसाशिवायचा आहे, त्यात गहू, भाजी, व्हिनेगर आणि तेलच असते, आणि तिथे जाणाऱ्या शाकाहारी माणसाने त्याच्यापासून सुरुवात करावी. हाताने ओढलेले नूडल नुसत्या तिखट तेलातही मिळतात. मात्र त्याच स्वयंपाकघरात डुकराचे आणि मेंढीचे मांस शिजते, नूडल एकाच मोठ्या भांड्यात उकळण्याची शक्यता असते, आणि रस्सा मागवला तर तो मांसाचाच असण्याचा संभव अधिक. ज्यांचा शाकाहार काटेकोर आहे, त्यांनी काउंटरवर स्पष्ट विचारल्याशिवाय मागवू नये. तिखटाची भीती घालणारे पुष्कळ भेटतील, पण कोल्हापूर-नागपूरकडच्या माणसाला ते तेल जड जाणार नाही. नवखे वाटेल ते व्हिनेगरचे प्रमाण. पाहुण्यांना आंबट चालत नसेल, तर ते कमी घालायला सांगावे, आणि घरी बांधून मात्र नेऊ नये.